पाण्याखाली घट्ट होणारा चुना

ओळंबा | रविवार, रात्री १०:२०

मंडळी,

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. रोमचं पँथिऑन हे देऊळ १९०० वर्षं उभं आहे आणि आपला स्लॅब तीस वर्षांत गळतो, म्हणजे रोमन लोकांकडे काहीतरी गुपित होतं आणि ते हरवलं. खाली सेक्रेटरींनी हात जोडलेले. मी चौतीस वर्षं साइटवर काढली (आता निवृत्त, त्यामुळे टंकायला वेळच वेळ) आणि 'गुपित' शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. ग्रुपवर उत्तर लिहीपर्यंत तिथे पार्किंगचं भांडण सुरू झालं होतं. म्हणून इथे.

माझ्या मते काँक्रीटचा सगळा जुना इतिहास एकाच अडचणीभोवती फिरतो: चुना पाण्याखाली घट्ट कसा करायचा?

आधी साधा चुना बघू. चुनखडीचा दगड भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध दगडातून छप्पन किलो कळी (भाजलेला कोरडा चुना) हाती लागते. कळीवर पाणी टाकलं की ती फसफसते, तापते, फुटते आणि विरते. दिवाळीच्या आधी रंगकामासाठी पिंपात चुना विरवलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती वाफ आठवेल. हा विरलेला चुना भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. गोम अशी की त्याला हवा लागते. दोन हात जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायला वर्षानुवर्षं जातात आणि पाण्याखाली तर ती नाहीच. धक्का, पुलाचा पाया, हौद, धरण, कुठेही नुसता चुना भरला तर तो लोण्यासारखा मऊ राहतो, नाहीतर धुपून जातो.

रोमन लोकांना यातून वाट सापडली ती त्यांच्या जमिनीमुळे. नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं बंदर आहे, भोवती सगळा ज्वालामुखीचा मुलूख. तिथली राखट माती चुन्यात मिसळली की माल पाण्यातही धरतो. विट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुकार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हे व्यवस्थित लिहून गेला आहे. त्याची प्रमाणं आपल्या गवंड्यालाही लगेच कळतील: खाणीची वाळू असेल तर एकास तीन, नदीची किंवा समुद्राची असेल तर एकास दोन, आणि पाण्यातल्या कामाला एक भाग चुना, दोन भाग ती राख. हे म्हणे गुपित!

ते लोक आपल्यासारखा पातळ माल ओतत नसत. मुठीएवढे दगडाचे तुकडे घट्ट मालात हाताने रचायचे आणि चोपायचे. त्या तुकड्यांना लॅटिनमध्ये 'सिमेंता' म्हणायचे. म्हणजे आज पोत्यात येणाऱ्या पावडरीला जे नाव आहे, ते मूळचं खडीचं! पँथिऑनच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, सम्राट हेड्रियनच्या काळातला, आत एकही सळई नाही. तळाशी जड दगडाची खडी, वर जाल तशी हलकी, अगदी वर ज्वालामुखीचा फेसाळ प्युमिस दगड. जाडी तळाशी सहा मीटरच्या पुढे, वरच्या भोकापाशी जेमतेम सव्वा. ज्याने हे आखलं त्याला वजन कळत होतं.

आता उडी मारून थेट १७५६ सालात येतो, कारण माझा खरा हिरो तिथे आहे.

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरासमोर वीसेक किलोमीटरवर एडिस्टन नावाचे खडक आहेत, भरतीला बुडणारे. तिथला पहिला दीपस्तंभ १७०३ च्या वादळात बांधणाऱ्या विन्स्टन्लीसकट वाहून गेला. त्यानंतरचा लाकडी होता, तो १७५५ मध्ये जळाला. नवा बांधायचं काम जॉन स्मीटनकडे आलं. तिशीतला माणूस, मूळचा उपकरणं बनवणारा. त्याने दगड एकमेकांत अडकतील असे, सुताराच्या खाचेसारखे घडवायचं ठरवलं. पण सांध्यात काय भरायचं? खालच्या थरांवर ओहोटीचे काही तास मिळणार, मग पाणी चढणार.

त्याने ठिकठिकाणचे चुने मागवले, प्रत्येकाचे दोन-दोन इंची गोळे वळले आणि जरा धरल्याबरोबर पाण्यात सोडले. साध्या चुन्याचे गोळे मऊच राहिले. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ॲबरथॉ गावचा चुना मात्र पाण्यात धरला. आता त्या काळचा पक्का समज असा, की दगड जितका पांढरा आणि टणक तितका चुना सरस. विट्रुव्हियसपासून चालत आलेला. ॲबरथॉचा दगड तर निळसर करडा, दिसायला सुमार. स्मीटन प्लिमथमध्ये कुकवर्दी नावाच्या औषधविक्या रसायनतज्ज्ञाच्या घरी उतरला होता. त्याच्याकडून त्याने दगडाची परीक्षा करायची रीत शिकून घेतली: दगडाची पूड नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायची, चुना विरघळून जातो, मागे काय राहतं ते बघायचं. संगमरवर किंवा खडूच्या दगडाचं जवळपास काहीच मागे राहत नाही. ॲबरथॉच्या दगडाची मात्र निळसर माती राहिली. स्मीटनने ती माती मळली, गोळी केली, वाळवली आणि भाजली. तिची लालसर पक्की वीट झाली.

एवढंच. ती गोळी मला पँथिऑनपेक्षा मोठी वाटते. पाण्यात धरणारा चुना पांढऱ्या दगडाचा नसतो, मातकट दगडाचा असतो, हे त्या दिवशी कळलं. दोन हजार वर्षं लोक चांगला दगड शोधत होते आणि उपयोगाची होती ती त्यातली घाण.

स्मीटनने ॲबरथॉचा चुना आणि इटलीहून आलेली ज्वालामुखीची राख निम्मे-निम्मे घेऊन सांधे भरले. १६ ऑक्टोबर १७५९ ला दिवा लागला. दिवा म्हणजे चोवीस मेणबत्त्या.

पोर्टलंड सिमेंटवर उद्या लिहितो. आत्ता घरून 'लॅपटॉप मिटा' असा आदेश आहे.

निवांत_नारळ | रविवार, रात्री १०:५१

पहिला! वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

शेवग्याची शेंग | रविवार, रात्री ११:०४

काका, मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. मातीची गोळी भाजल्यावर वीट झाली. मग वीट कुटून चुन्यात घातली तर? आजी म्हणायची, वाड्याच्या चुन्यात सुरखी असायची. सुरखी म्हणजे विटेचा चुराच ना?

ओळंबा | सोमवार, सकाळी ६:४०

बाळबोध कसला, हाच तर मुद्दा! मी दोन हजार शब्दांनी जिथे पोचणार होतो तिथे तुम्ही तीन ओळींत पोचलात.

होय. चुन्याला पाण्यात धरायला लावते ती भाजलेली माती. ती मिळवायच्या तीन वाटा. ज्वालामुखीने भाजून दिलेली घ्या (रोम). चुनखडीतच मिसळलेली असेल तर दगडाबरोबर आपोआप भाजली जाते (ॲबरथॉ). नाहीतर वीट भाजा आणि कुटा (आपण). जिथे राख मिळत नसे तिथे रोमनही कुटलेली कौलं आणि मडकी घालायचे, हौदांच्या गिलाव्यात विशेष.

आणि सुरखीला कमी लेखू नका. केरळ-तमिळनाडूच्या भांडणातलं मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पुरं झालं ते चुना आणि सुरखीवर. म्हैसूरचं कृष्णराजसागर, विश्वेश्वरय्यांचं, तेही सुरखीच्या मालातलं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात कामाला लागले, म्हणजे सुरखीची ओळख त्यांना आपल्याकडेच झाली असणार असं मी मनाशी धरून चालतो.

सुरखीला वीट मात्र कमी भाजलेली लागते. खंगर, काळी पडलेली वीट कुटून उपयोग नाही, ती चुन्याशी बोलत नाही. जुने गवंडी हे नखाने ओरखडा काढून ओळखायचे.

रसायनवाली | सोमवार, सकाळी ९:१५

'चुन्याशी बोलत नाही' हे आवडलं. त्यामागचं थोडं सांगते.

मातीत सिलिका आणि ॲल्युमिना असतात, पण स्फटिकांच्या जाळीत घट्ट बसलेले. सहाशे ते आठशे अंशांना भाजलं की ती जाळी मोडते आणि ते 'मोकळे' होतात. मग पाणी आणि चुना मिळाला की त्यांचं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट बनतं, तेच माल घट्ट धरतं. यात हवेचं काहीच काम नाही, म्हणून पाण्याखाली चालतं. फार भाजलं तर मोकळे झालेले अणू पुन्हा नवीन स्फटिकांत किंवा काचेत जाऊन बसतात. म्हणून खंगर वीट नको.

रोमबद्दल दोन नव्या गोष्टी. २०१७ मध्ये समुद्रातल्या रोमन धक्क्यांचे नमुने तपासले तेव्हा आत टोबरमोराइट आणि फिलिप्साइट ही खनिजं नंतर वाढलेली दिसली. समुद्राचं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातूनच हे तयार होत गेलं. प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहिलंय की ही राख लाटांत गेली की एकसंध दगड होते आणि दिवसेंदिवस बळकट होते. लोकांना ती अतिशयोक्ती वाटायची.

दुसरी २०२३ मधली. रोमन काँक्रीटमध्ये पांढरे ठिपके दिसतात, ते नीट न मिसळलेल्या चुन्याचे, कामचुकारपणाचे मानले जात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की कळी न विरवता थेट मालात घातली असावी. मिसळतानाच माल तापतो आणि चुन्याचे खडे शिल्लक राहतात. पुढे भेग पडून पाणी शिरलं की ते खडे विरघळून भेग बुजवतात. त्यांनी तसा माल करून अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडली, ती दोन आठवड्यांत बुजली.

अस्सल_देशी | सोमवार, दुपारी १२:३०

रोम, वेल्स, एमआयटी. आपल्याकडे वज्रलेप होता त्याचं काय? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आख्खा अध्याय आहे. कोटी वर्षं टिकतो असं लिहिलंय. ते कोणी तपासणार नाही.

घाटावरचा | सोमवार, दुपारी १२:४४

कोटी वर्षं तपासायला थांबणार कोण?

ओळंबा | सोमवार, दुपारी १:१०

@अस्सल_देशी, अध्याय आहे, बरोबर. सहाव्या शतकातला, आणि कृती वाचण्यासारखी आहे: कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, मग त्यात राळ, गुग्गुळ, बेलफळ, जवस. पण तो लेप आहे, गरम करून देवळाच्या भिंतीला, मूर्तीला लावायचा. चिकटवणारा आणि पाणी अडवणारा. त्यात चुना नाही, खडी नाही. त्याला काँक्रीट म्हणणं म्हणजे वॉर्निशला लाकूड म्हणणं.

आपली खरी कमाई चुना दळायच्या घाणीत आहे. किल्ल्यांवर फिरणाऱ्यांनी विसापूरवर किंवा इतरत्र पाहिली असेल: दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं भलंमोठं दगडी चाक. बैल फिरवायचे, चुना-वाळू-सुरखी दिवसच्या दिवस दळली जायची. चुन्याचा प्रत्येक कण उघडा पडायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ. गूळ घातल्याने माल हाताखाली सुटसुटीत होतो, कमी पाण्यात काम भागतं. आज साइटवर त्यासाठीच कॅनमधून येणारं ॲडमिक्श्चर पैसे मोजून घालतो.

प्लिमथची पाहुणी | सोमवार, संध्याकाळी ७:०२ (इकडची दुपार)

मुलगी प्लिमथला शिकते, तिच्याकडे आले आहे, आणि आज हा धागा! स्मीटनचा मनोरा आता खडकावर नाही. मनोरा मजबूत होता, पण त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला गेला. म्हणून १८८० च्या दशकात शेजारच्या खडकावर नवा दीपस्तंभ उभारला आणि याचा वरचा भाग उतरवून गावातल्या टेकडीवर पुन्हा रचला. तांबडे-पांढरे पट्टे, आत अरुंद जिना, शेवटी शिड्या. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. बुंधा अजून समुद्रातच आहे, आकाश निरभ्र असेल तर नव्या दीपस्तंभाशेजारी बुटका दिसतो. तो त्यांना सुटेना, म्हणून तसाच ठेवला म्हणतात.

जळालेल्या लाकडी दीपस्तंभाची एक कथा इथे ऐकली. आग लागली तेव्हा रखवालदार ९४ वर्षांचा होता. वर बघत पाणी फेकत असताना छताचं वितळलेलं शिसं त्याच्या तोंडात गेलं. सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. बारा दिवसांनी तो वारला, तेव्हा पोटात सात औंसांचा शिशाचा गोळा निघाला. तो एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

निवांत_नारळ | सोमवार, संध्याकाळी ७:२०

बाप रे. आमच्या मालवणात शिसं फक्त सिंधुदुर्गाच्या पायात ओतल्याचं ऐकलं होतं.

ओळंबा | सोमवार, रात्री ९:४५

कबूल केल्याप्रमाणे पोर्टलंड.

स्मीटननंतर तीसचाळीस वर्षं विशेष काही झालं नाही. १७९६ मध्ये जेम्स पार्कर याने 'रोमन सिमेंट'चं पेटंट घेतलं. रोमशी संबंध शून्य. टेम्सच्या मुखाशी शेपी बेटावर किनाऱ्याला मातकट चुनखडीचे गोटे सापडतात, ते भाजून दळलेले. पाणी लागल्यावर पंधरावीस मिनिटांत घट्ट. गवंड्याला बिडी ओढायची सोय नाही.

फ्रान्समध्ये लुई व्हिका नावाचा इंजिनियर दोर्दोन्य नदीवर सुइयाक इथे पूल बांधत होता. त्याने म्हटलं, योग्य माती असलेला दगड शोधत कशाला फिरायचं, चुनखडी आणि माती आपणच मोजून मिसळू आणि भाजू. १८१७ च्या सुमाराची गोष्ट. निसर्गाने दिलेलं मिश्रण शोधण्यापासून ते ठरवून बनवण्यापर्यंतची पायरी त्याची. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना लॅबमधली ती सुई आठवते का, सिमेंटच्या लगद्यात किती रुतते ते बघायचं? ती या व्हिकाची. आम्ही तिला 'विकॅट' म्हणायचो, आणि जर्नलमधल्या रीडिंग्ज सीनियरांच्या. असो.

मग २१ ऑक्टोबर १८२४. जोसेफ ॲस्पडिन, लीड्सचा गवंडी. होय, गवंडी. त्याने पेटंटला नाव दिलं पोर्टलंड सिमेंट, कारण सुकल्यावर ते इंग्लंडातल्या पोर्टलंडच्या नावाजलेल्या बांधकामाच्या दगडासारखं दिसतं असा त्याचा दावा. निव्वळ जाहिरात. पेटंटात ना प्रमाण, ना तापमान. चुनखडी कुठून घ्यायची? तर रस्त्यावरून, गाड्यांच्या चाकांनी चिरडलेली. रस्त्याचे अख्खे दगड उचलले म्हणून त्याच्यावर दोनदा खटला झाला असं सांगतात. मला हा माणूस का आवडतो ते कळलं असेल.

पण जोसेफचं सिमेंट म्हणजे आजचं सिमेंट नव्हे. त्याला फार तर चांगला जलचुना (पाण्यात धरणारा चुना) म्हणता येईल. खरी उडी मारली त्याच्या मुलाने, विल्यमने, १८४० च्या दशकात. भट्टीत जास्त तापलेले, अर्धवट वितळून काचेसारखे झालेले काळे ढेकळे लोक 'जळाले' म्हणून टाकून देत, कारण ते दळता दळले जात नसत. विल्यमच्या लक्षात आलं की माल आहे तो त्यातच. आज त्यालाच क्लिंकर म्हणतात, १४५० अंशांना होतो. विल्यम मोठा बिलंदर. प्रतिस्पर्ध्यांनी नक्कल करू नये म्हणून भट्टी भरताना मोरचुदासारखी रंगीत पूड ताटात घेऊन जायचा आणि मुठी भरून टाकायचा, बघणारे चक्रावून जावेत म्हणून. तरी आयझॅक जॉन्सन नावाच्या माणसाने चुकत-माकत ते शोधलंच.

बघा, पुन्हा तेच. स्मीटनला घाणीत सापडलं, यांना जळक्यात.

शेवग्याची शेंग | सोमवार, रात्री १०:०५

मोरचुदाची मूठ म्हणजे आमच्या गावच्या लोणचंवाल्या काकू. 'गुपित मसाला' म्हणून हळदच घालायच्या.

वाडेकर | मंगळवार, सकाळी ८:२०

वाचून जखमेवरची खपली निघाली. आमचा जुना वाडा, विटा-चुन्याचा, दोन फुटी भिंती. सहा वर्षांपूर्वी खालच्या भिंतीचा चुना सुटायला लागला. ठेकेदार म्हणाला, चुना कशाला, सिमेंटचा गिलावा मारू, पन्नास वर्षं बघायला नको. मारला. दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा तसाच टणक, आणि मागची भिंत ओली कच्च. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून सुकून जायची, आता तिला बाहेर पडायला जागाच नाही. तिसऱ्या वर्षी गिलाव्याचा पोपडा दारएवढा सुटला आणि विटांचे तोंड सोबत घेऊन आला. विटेला बोट लावलं तर पीठ.

आता चुन्याचं काम करणारा गवंडी शोधतोय. एक सापडला, वय ७१. म्हणतो, घाणी नाही तर मी नाही.

ओळंबा | मंगळवार, सकाळी ८:४५

वाडेकर, त्या आजोबांचं ऐका. सिमेंट वाईट नाही, पण मऊ भिंतीवर कडक गिलावा नको. मोर्टार मिक्सरला दगडी चाक बसवलेली यंत्रं मिळतात, त्यावर त्यांची समजूत निघते का बघा. आणि आधी उरलेला सिमेंटचा थर हलक्या हाताने काढा, छिन्नीने ठोकलंत तर वीट जाईल.

सळई१६ | मंगळवार, दुपारी २:३०

मूळ फॉरवर्डचं उत्तर राहिलंच की, काका. ३० वर्षांत स्लॅब का जातो?

सळईमुळे. १८४८ मध्ये लाँबो नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंडी जाळीवर सिमेंट थापून होडी केली, ती १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ठेवली. लोकांनी पाहिली आणि विसरले. मग मोनिए, हा माळी. झाडांची लाकडी खोकी कुजतात आणि मातीच्या कुंड्या फुटतात म्हणून तारेच्या जाळीवर सिमेंटच्या कुंड्या केल्या आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. आज आपण ज्याला आरसीसी म्हणतो त्याचा एक आजोबा फुलझाडाची कुंडी आहे. हेनबिकने १८९२ मध्ये कॉलम-बीम-स्लॅब असं एकसंध करून दाखवलं. हे जमलं ते दोन योगायोगांमुळे. उन्हाने लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारखेच फुगतात. आणि ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतली सळई गंजत नाही.

आता गंमत. काकांनी सुरुवातीला सांगितलं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो. तोच वायू काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो, अल्कधर्मीपणा कमी करत जातो, आणि सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षण संपतं. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. मग कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुटतं आणि छताचा पापुद्रा तुमच्या चहात. मुंबईत वर समुद्राचं मीठ. पँथिऑनला सळई नाही, म्हणून हा रोग नाही. पण पँथिऑनला गॅलरीही काढता येत नाही. सळईशिवाय चार फुटांचा कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेला भाग) करून दाखवा म्हणावं हेड्रियनला.

साइटवर सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा ठेवणाऱ्यांनी हा प्रतिसाद दोनदा वाचावा.

रसायनवाली | मंगळवार, दुपारी २:५२

+१. आणि सात दिवस पाणी न मारणाऱ्यांनी तीनदा.

घाटावरचा | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

भारतात सिमेंट कधीपासून? आणि काका, आमच्या कोयनेच्या धरणाला 'रबल काँक्रीट'चं म्हणतात. ते रोमन पद्धतीसारखंच झालं की.

ओळंबा | मंगळवार, रात्री ९:३०

सुरुवातीला बोटीतून, लाकडी पिंपांत. मद्रासला १९०४ मध्ये समुद्री शिंपल्यांपासून सिमेंट करून पाहिलं, ते चाललं नाही. नियमित उत्पादन १९१४ पासून, पोरबंदरला. लगोलग कटनी आणि लाखेरी. म्हणजे गेट वे ऑफ इंडियाची कोनशिला बसली तेव्हा देशी सिमेंट नव्हतंच. १९२४ मध्ये तो पुरा झाला, बाहेरून पिवळसर बेसॉल्ट दिसतो, पण सोबत आरसीसीही आहे.

कोयनेचं निरीक्षण झकास. काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवत जायचे, सिमेंट वाचतं आणि माल कमी तापतो. विट्रुव्हियसला कोयनेवर आणून उभं केलं असतं तर उंची बघून चक्कर आली असती, पण माल ओळखला असता.

चुनखड | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळे गेले का? मी रविवारपासून गप्प वाचत होतो, कारण प्रयोग चालू होता.

आमची शेती सोलापूरकडची. काळ्या रानात नांगरट केली की चुनखडीचे पांढरे-करडे खडे वर येतात. आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी हेच खडे वेचून भट्टीला जायचे आणि गावच्या विहिरीचं बांधकाम त्याच चुन्याचं. विहीर अजून पाण्यात उभी आहे. म्हटलं, स्मीटनची परीक्षा घेऊ. नायट्रिक ॲसिड कुठून आणणार, स्वयंपाकघरातला पांढरा व्हिनेगर घेतला. बायकोने बाटली मोजून दिली.

खडे कुटून २० ग्रॅम पूड, सोन्याच्या काट्यावर मोजलेली. काचेच्या बरणीत व्हिनेगर ओतला, फेस आला, सोमवार-मंगळवार बुडबुडे येत राहिले. बुधवारी थांबले. निथळून, धुऊन, उन्हात वाळवून मोजलं: ६ ग्रॅम.

ओळंबा | शुक्रवार, रात्री ८:२२

अहो, कमाल केलीत! जवळजवळ तिसरा हिस्सा. पण त्यात वाळू असेल, ती वेगळी काढा. पाण्यात ढवळा, दहापर्यंत मोजा, गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. खाली राहील ती वाळू.

चुनखड | शनिवार, संध्याकाळी ६:५०

काढली. वाळू २ ग्रॅम, माती ४. मातीची गोळी केली, बोरापेक्षा थोडी लहान. वाळतानाच तडकली. काळी माती ती, तडकणारच. दुसऱ्यांदा तीच वाटून, चिमूटभर वाळू घालून वळली, दोन दिवस सावलीत ठेवायची असं ठरवलं होतं, पण धीर निघेना. चुलीच्या निखाऱ्यात पुरली.

आत्ता काढली. एका बाजूला काळी, दुसरीकडे विटकरी. नखाने ओरखडा निघतो.

आईने विचारलं हे काय. म्हटलं, विहिरीची वीट. वाटीत पाण्यात ठेवली आहे. फुटली तर सकाळी कळवतो.